अलास्का क्रूझ: जुलैचं कौतुक पुरे झालं

सीताबर्डीकर

काल आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका सद्गृहस्थांनी जाहीर केलं: ‘अलास्काची क्रूझ करायची तर जुलैतच. मे आणि सप्टेंबर म्हणजे कंपन्यांचा उरलासुरला माल. स्वस्त मिळतंय म्हणून जाल आणि धुकं बघून परत याल.’ खाली 22 अंगठे. त्यातले 20 जण अजून पचमढीच्या पुढे गेलेले नाहीत. तिथे वाद घातला तर लिफ्टमध्ये तोंड दाखवायची पंचाईत, म्हणून इथे लिहितोय.

आपण एवढे पैसे घालून जातो कशाला? हिमनदी बघायला. ग्लेशियर बे नॅशनल पार्कात दिवसाला जास्तीत जास्त 2 मोठी जहाजं सोडतात, मग महिना कुठलाही असो. पण आतला जॉन्स हॉपकिन्स नावाचा फाटा 1 मे ते 31 ऑगस्ट क्रूझ जहाजांना बंद असतो. तिथल्या तरंगत्या बर्फावर सीलच्या माद्या पिल्लं घालतात, त्यांना त्रास नको म्हणून. 1 सप्टेंबरला तो उघडतो. म्हणजे जुलैवाल्यांनी फाट्याच्या तोंडाशी उभं राहून दुर्बीण लावायची, आणि ‘उरलासुरला माल’ घेणाऱ्यांनी आत जायचं!

आम्ही 2024 च्या सप्टेंबरात होतो. कॅप्टनने इंजिन जवळजवळ बंद केलं तेव्हा सगळीकडून बारीक तडतड ऐकू यायला लागली. मला वाटलं खाली किचनमध्ये फोडणी पडली. बायको म्हणाली, अहो, पाण्यातून येतोय आवाज. बर्फात शेकडो वर्षं दाबून बसलेली हवा वितळताना बुडबुड्यांनी फुटत होती. मग समोरचा निळा कडा सुटला. सुटताना आवाज नाही. कडा पाण्यात पोचला, पाणी वर उसळलं, आणि तेव्हा कुठे तो गडगडाट आमच्यापर्यंत आला. तिथले ट्लिंगिट लोक याला पांढरी मेघगर्जना म्हणतात. डेकवर आमच्याकडच्या बाजूला जेमतेम पंधरा माणसं होती. जुलैत रेलिंगला जागा मिळते का, ते त्या सद्गृहस्थांनीच सांगावं.

तर्री_जास्त

भाऊ, पूर्ण सांगून ऱ्हायले तुम्ही, मग पावसाचं काहून नाही सांगत? माह्या साल्याले सप्टेंबरात केचिकन बंदरावर छत्री उघडून पाच मिन्टं चालता आलं नाही. छत्री घेतली नागपुरातून, फेकली केचिकनात.

त्रिमूर्तीनगर_जुलै

मीच तो सद्गृहस्थ. लिफ्टमध्ये तोंड दाखवायला हरकत नाही, मी काही चावत नाही.

तर्रीभाऊंनी सुरुवात केलीच आहे, तर पुढचं मी सांगतो. केचिकनला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आपल्या नागपूरला अकराशेच्या आसपास. अलास्काची राजधानी जूनोमध्ये सप्टेंबरचा पाऊस मेच्या दुपटीहून जास्त. वर अलास्काच्या आखातात तेव्हा वादळांना सुरुवात होते. आखात ओलांडून जाणारी एकतर्फी क्रूझ घेतली असेल तर दोन दिवस गोळ्या खाऊन पडून राहायचं. हे धागाकर्त्यांनी लिहिलं नाही. का, ते त्यांनाच ठाऊक.

आणि हिमनदी म्हणजे सगळं अलास्का नव्हे. हवाईहून पोहत आलेले हंपबॅक देवमासे जुलै-ऑगस्टात पोटभर खात असतात. सॅमन माशांची चढण तेव्हाच, त्यामुळे ओढ्याकाठी अस्वलं तेव्हाच. जूनच्या शेवटी जूनोत 18 तासांचा दिवस असतो, जुलैतही रात्री 10 ला उजेड. मी रात्री साडेनऊला डेकवर बसून चष्मा न लावता... असो, चष्मा लावूनच, पेपर वाचला आहे. माझ्या नातवाने एकाच दुपारी 7 शेपट्या मोजल्या. हॉपकिन्सच्या आत जाऊन तुम्ही किती मोजल्या?

बरं, सप्टेंबरात गेलेलं प्रत्येक जहाज त्या फाट्यात शिरतं असंही नाही. बर्फ किती साचलाय ते पाहून कॅप्टन ठरवतो. तुमचं नशीब चांगलं होतं, त्याचा नियम करू नका.

काटोलचा_बागवान

ऑगस्ट-सप्टेंबरात बाग सोडून जाणारा माणूस मला दाखवा. आंबिया बहाराची फळगळ नेमकी तेव्हा असते. सकाळी झाडाखाली टोपलीभर संत्री पडलेली दिसली की हिमनदी-बिमनदी काही सुचत नाही. आम्हा लोकांनी कधी जायचं ते कोणीच सांगत नाही. आणि विमा कंपनीचं तर नावच काढू नका, गेल्या वर्षीचा पंचनामा अजून...

तर्री_जास्त

बागवान भाऊ, प्रत्येक धाग्यावर विमा आणता तुम्ही. परवाच्या चष्म्याच्या धाग्यावर पण आणला होता.

सुनंदा_महाल

सीताबर्डीकर, एक विचारू? 2024 ला महालक्ष्म्यांचं आवाहन 10 सप्टेंबरला होतं. तुमच्याकडे नसतात का?

सीताबर्डीकर

असतात ताई. त्या वर्षी धाकट्या भावाकडे वर्ध्याला नेऊन दिल्या. आणि त्रिमूर्तीनगर साहेब, पाऊस पडला हे खरं. सात दिवसांतले चार दिवस पडला. पण रेनकोट घातला की झालं. रेलिंगवरची गर्दी कुठला कोट घातल्याने जाते?

धरमपेठ_आजोबा

‘नेऊन दिल्या’? लक्ष्म्या म्हणजे कुलर आहे का, उन्हाळा संपला की शेजाऱ्याकडे ठेवायला? आमच्या घरी चौथी पिढी आहे. दुष्काळात बसल्या, कर्फ्यूत बसल्या, घरात आजारपण असताना बसल्या. एका वर्षाचाही खंड नाही. आणि हे बर्फ बघायला जातात! म्हणूनच सांगतो, जुलैत जा. आषाढ असतो, काही नसतं.

सुनंदा_महाल

आजोबा, तुमचा मान राखून लिहिते. खंड पडला नाही, कारण स्वयंपाकघरात कुणीतरी उभं होतं. आमच्याकडे मी 31 वर्षं उभी आहे. 16 भाज्या, पुरण, आंबील, फुलोऱ्याच्या करंज्या, 40 पानं. आदल्या रात्री पुरण वाटून हात असा होतो की सकाळी मुखवट्यांना नथ घालताना बोटं थरथरतात. घरातले पुरुष काय करतात? लक्ष्म्या उभ्या करायच्या कोठ्या माळ्यावरून काढून देतात, आणि वर्षभर त्याचा हिशोब सांगतात. मला सप्टेंबरात अलास्का पाहिजे ते हिमनदीसाठी नाहीच. त्या तीन दिवसांत मला एका खुर्चीत बसायचंय आणि कुणीतरी मला वाढायचंय.

हिस्लॉपियन

काकू, 👏

धरमपेठ_आजोबा

कष्ट कोण नाकारतंय? आमच्या सौ.नेही केलं, आनंदाने केलं.

सुनंदा_महाल

आनंदाने केलं हे त्यांनी सांगितलं, की तुम्ही?

धरमपेठ_आजोबा

हा प्रश्न विचारायची ही जागा नव्हे.

तर्री_जास्त

आईशप्पथ, बर्फाच्या धाग्यावर आग लागली.

बोस्टन_व्हाया_धंतोली

महालक्ष्म्या आटोपल्या असतील तर एक कामाचं सांगतो. महिना ठरवण्याआधी पासपोर्ट बघा. सिॲटलहून निघून सिॲटललाच परत येणारी जहाजं वाटेत कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात, बहुतेक वेळा संध्याकाळी काही तास. 1886 चा एक अमेरिकन कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाला मध्ये परदेशी बंदर घेतल्याशिवाय अशी फेरी मारता येत नाही. म्हणजे भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा आणि कॅनडाचाही. माझ्या मावसभावाला एजंटने हे सांगितलंच नाही. धक्क्यावरून परत पाठवलं त्याला, आईवडिलांसकट. तो आठवडा त्यांनी माझ्याकडे टीव्ही बघत काढला.

आणि ट्रेसी आर्म नावाच्या अरुंद खाडीच्या जाहिराती अजून फिरतायत, त्यांना भुलू नका. 2025 मध्ये 10 ऑगस्टच्या पहाटे तिथे साउथ सॉयर हिमनदीजवळ कडा कोसळून प्रचंड लाट उठली. कुणी दगावलं नाही, पण कार्यक्रमात आता नक्की काय आहे ते विचारून घ्या.

त्रिमूर्तीनगर_जुलै

बघा, म्हणजे ऑगस्टपासून गडबडच. जूनोच्या मेंडेनहॉल खोऱ्यात 2023 आणि 2024, दोन्ही वर्षी ऑगस्टातच हिमनदीमागे साठलेलं पाणी सुटून घरांत शिरलं. मी म्हणतो ते उगाच नाही.

सीताबर्डीकर

साहेब, ते पाणी घरांत शिरलं, जहाजात नाही. उद्या तुम्ही नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला म्हणून शेगावला जाऊ नका म्हणाल. सप्टेंबर 2023 ला माझ्या बहिणीच्या घरात अंबाझरीचंच पाणी कंबरेपर्यंत होतं, तेव्हा पुराची गोष्ट मला नका सांगू.

हिस्लॉपियन

मी गपचूप वाचत होतो, पण मेचा वकील कोणीच नाही म्हणून लिहितो. आम्ही मेच्या चौथ्या आठवड्यात गेलो. नवतपा लागायच्या बेतात होता. घरातून निघालो तेव्हा नागपूर 45 च्या वर, कुलरमध्ये पाणी टाकायला शेजाऱ्याला किल्ली दिली. पाच दिवसांनी डेकवर कानटोपी घालून चहा पीत होतो. नागपूरकराला दुसरं कारण लागतं का? 2013 च्या मेत 47.9 झालं होतं तेव्हाच मी ठरवलं होतं की एक तरी मे बाहेर काढायचा.

आणि पाऊस खरंच कमी. मे-जून तिकडे वर्षातले कोरडे महिने. डोंगरांवर बर्फ अगदी खालपर्यंत असतो, तो वितळत असल्याने जिकडे बघाल तिकडे धबधबे. भाडंही जुलैपेक्षा कमी. शिवाय विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्राच्या नंतर उघडतात, त्यामुळे पोरं घेऊन जाता येतं. सप्टेंबरात पोरांचं काय करायचं, वर्ध्याला नेऊन द्यायची?

सीताबर्डीकर

हा टोमणा होता, कळलं. मेची दुसरी बाजूही सांगा ना. हबर्ड हिमनदीच्या समोरच्या खाडीत मेमध्ये इतका बर्फ तरंगत असतो की कधीकधी जहाज लांबूनच वळतं. 122 किलोमीटर लांबीची हिमनदी, आणि तुम्ही बघणार पांढरी रेघ.

हिस्लॉपियन

आमचं जहाज बरंच मागे थांबलं, हे खरं आहे. सॅमनही दिसला नाही, अस्वल तर नाहीच. एक देवमासा दिसला, तोही बायकोला. मी तेव्हा बाथरूममध्ये होतो. तरी परत जायचं तर मेमध्येच जाईन.

त्रिमूर्तीनगर_जुलै

ठीक आहे. मेचा शेवटचा आठवडा चालेल, एवढं मान्य करतो. ‘उरलासुरला माल’ हे शब्द मेपुरते मागे घेतो. सप्टेंबरपुरते नाही.

तर्री_जास्त

साहेबांनी अर्धे शब्द मागे घेतले, बाकीचे अर्धे लिफ्टमधी घेतील.

काटोलचा_बागवान

मेमध्ये आमच्याकडे पाण्याच्या पाळ्या असतात. पण पोरगा बघेल म्हणतो. बघतो.

धरमपेठ_आजोबा

सुनंदाताई, रात्री आमच्या सौ.ला तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. सकाळी म्हणाली, यंदा गणपती 14 सप्टेंबरला आहेत ना, मग लक्ष्म्यांना अजून बराच वेळ आहे, त्या बाईंना विचारा मेची बुकिंगं मिळतात का. मी हे फक्त निरोप म्हणून कळवतो आहे. माझं मत बदललेलं नाही.

सुनंदा_महाल

त्यांना माझा नमस्कार सांगा. मी आणि माझी बहीण मेअखेरीचंच बघतोय. सप्टेंबरात घरून काढता पाय घेणं मला जमणार नाही, हे लिहिताना कळलं. राग आला तरी मुखवटे दुसऱ्याच्या हातात द्यायचे नाहीत, असं आहे ते. सीताबर्डीकर, तुमच्यावर टीका नाही.

एक शंका आहे. माझी संकष्टी असते. मेच्या शेवटी, जूनच्या सुरुवातीला तिकडे चंद्रोदय किती वाजता?

बोस्टन_व्हाया_धंतोली

काकू, अवघड आहे. उन्हाळ्यात पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र तिथे दक्षिणेला क्षितिज धरूनच जातो. चतुर्थीचा तर मध्यरात्रीनंतर उगवेल, तोही थोडा वेळ आणि खालून. भोवती डोंगर, त्यामुळे दिसायचाच नाही बहुतेक.

सुनंदा_महाल

मग उपास सोडायचा कधी?

सीताबर्डीकर

धागा हिमनद्यांचा होता, एवढंच नम्रपणे आठवण करून देतो.

तर्री_जास्त

काकू, सोपं आहे. नागपुरात चंद्र निघाला का घरच्याले फोन लावा. इथं रात्रीचे साडेदहा म्हणजे तिथं त्याच दिवशी सकाळचे 9. तोंड धुवा, आरती म्हणा, आणि नाश्त्याच्या लायनीत लागा.