गेस्टअनमाउंट परतला तरी थांबा
लिनक्सवर व्हीएमची (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकात चालणारा आभासी संगणक) डिस्क माउंट केली, म्हणजे एखाद्या डिरेक्टरीला जोडली, आणि काढताना 'टार्गेट इज बिझी' (अजून वापरात आहे) अशी एरर आली तर सरळ 'युमाउंट -एल' (वापरात असली तरी लगेच वेगळी करणारी कमांड) मारा, असं काही जण सुचवतात. व्हीएमच्या डिस्कवर हे टाळाच. माउंट फक्त नजरेआड होतो, फाइल उघडून बसलेली प्रोसेस (चालू प्रोग्राम) तशीच राहते. आधी 'फ्यूजर -व्हीएम' (माउंट कोण वापरतंय ते दाखवणारी कमांड; इथलं 'व्हीएम' म्हणजे व्हर्च्युअल मशीन नव्हे, दोन ऑप्शन्स) लावून ती शोधा. बहुतेक वेळा दुसऱ्या टर्मिनलमधला आपलाच शेल त्या डिरेक्टरीत ठाण मांडून असतो.

आणि 'गेस्टमाउंट' (व्हीएमच्या डिस्कची इमेज फाइल माउंट करणारं टूल) वापरत असाल तर माउंट काढणारा 'गेस्टअनमाउंट' परतला, म्हणजे कमांड संपली, तरी काम झालं असं नाही. मागची गेस्टमाउंट प्रोसेस तेव्हाही इमेजमध्ये डेटा लिहीत असू शकते. माउंट करतानाच '--पिड-फाइल' (प्रोसेसचा नंबर फाइलमध्ये लिहून ठेवणारा ऑप्शन) द्या आणि ती प्रोसेस संपेपर्यंत व्हीएम सुरू करू नका, इमेज कॉपीही करू नका. स्क्रिप्टमध्ये तर हे हवंच.

चालू व्हीएमची डिस्क बघायचीच असेल तर फक्त '--आरओ' (रीड-ओन्ली, नुसतं वाचण्यासाठी), तरीही अर्धवट डेटा दिसू शकतो.