किरीच, समशेर की नुसती तलवार? क्रिमियन युद्धातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांचे हत्यार

शब्दवेल्हाळ: क्रिमियन युद्धावरच्या (1853–56) मजकुरात ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या कमरेला कधी 'सोर्ड' असते, कधी 'सेबर'. मराठीत किरीच, समशेर, फिरंग, तलवार असे चार शब्द समोर येतात. कुठे कोणता? आणि 'गॉथिक हिल्ट', 'पाइप-बॅक', 'सोर्ड नॉट' यांचे काय करावे?

आडवीधार: फिरंग आधी वगळा. फिरंग म्हणजे विलायती पाते आणि देशी मूठ. इंग्रज अधिकाऱ्याची तलवार विलायती असली तरी ती फिरंग होत नाही.

किरीच म्हणजे भोसकायची सरळ तलवार. शब्दाचे मूळ मलायी 'क्रिस'पर्यंत नेतात. तिकडे तो खंजीर, आपल्याकडे येईतो लांब पाते झाला. म्हणजे कसोटी पात्याच्या बाकाची. क्रिमियात पायदळातल्या बहुतेक अधिकाऱ्यांकडे 1822 च्या नमुन्याची तलवार होती, त्यात 1845 पासून नवे पाते आले. लांबी साडेबत्तीस इंच, रुंदी इंचभर, बाक अगदी थोडा, पण आहे. तेव्हा ही किरीच नव्हे. समशेर तर नव्हेच, तिचा बाक खोल. सरळ 'तलवार' लिहा. किरीच शोभते ती 1796 च्या नमुन्याच्या पायदळी तलवारीला किंवा 1892 नंतरच्या पात्याला, ही दोन्ही सरळ. हायलँडर पलटणींच्या अधिकाऱ्यांचे पातेही सरळ, पण रुंद आणि दुधारी, वर टोपलीसारखी मूठ. त्याला किरीच म्हटले की भलतीच सडपातळ वस्तू डोळ्यांपुढे येते.

मोडीवाला: 'सेबर' आणि 'समशेर' यांचा ध्वनी जुळतो म्हणून नाते लावू नका. समशेर फारसी. सेबर जर्मनमधून फ्रेंचमध्ये आला आणि त्यामागे हंगेरियन 'सॉब्ल्या' किंवा पोलिश 'शाब्ला' आहे. घोडदळाच्या संदर्भात 'बाकदार तलवार' म्हटले की काम भागते.

आडवीधार: आता मूठ. 'गॉथिक' हे नाव चर्चच्या कमानदार खिडक्यांवरून पडले, कारण हातावरची पितळी जाळी तशी दिसते. मध्ये राणी व्हिक्टोरियाची 'व्हीआर' अक्षरे. 'कमानदार जाळीची मूठ' म्हणा. जाळीची आतली पाकळी बिजागरीवर मिटायची, कमरेला लटकताना कोटाला घासू नये म्हणून. 1854 मध्ये ही मिटती पाकळी नमुन्यातून गेली. पितळ मऊ, त्यामुळे जोरकस वार बसला तर जाळी दबते. हलक्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांची तीन पट्ट्यांची मूठ पोलादी, ती जास्त भरवशाची.

मुठीचे लाकूड माशाच्या कातड्याने मढवून वर तार गुंडाळत. मराठीत बिनदिक्कत 'पाकटाचे' किंवा 'मुशीचे कातडे' लिहा. 'खवले' मात्र नको, ते कातडे कानशीसारखे खरखरीत असते आणि म्हणूनच ओला हात घसरत नाही.

'पाइप-बॅक' म्हणजे नळी नव्हे, आत पोकळी नसते. पात्याच्या पाठीवर भरीव गोल दांडा असतो. भोसकायला पाते ताठ राहते, पण कापताना घोटाळा होतो: पातळ धार आत शिरते आणि मागचा दांडा अडतो. म्हणून 1845 मध्ये सपाट पाठ आणि बाजूला पन्हळ असलेले पाते आले, टोकाकडे दुधारी.

मोडीवाला: 'टँग'साठी 'मुठीत जाणारी शेपटी' चालेल. साध्या तलवारीत ती निमुळती होऊन लाकडातून आरपार जाते आणि वर ठोकून बसवतात. तुटते ती बहुधा पाते संपून शेपटी सुरू होते तिथे. 1853 च्या रीव्हज पेटंटमध्ये शेपटी मुठीइतकीच रुंद ठेवून दोन्ही बाजूंना फळ्या रिव्हेटने बसवल्या. अधिकारी तलवार पदरच्या पैशाने घेत, म्हणून असे फरक भरपूर. लंडनच्या विल्किन्सन कंपनीच्या पात्यावर 1854 पासून पाठीला क्रमांक असतो, आणि मुठीजवळ पाते कसोटीला उतरल्याची खूण म्हणून पितळी टिकली.

शब्दवेल्हाळ: 'स्कॅबर्ड' म्हणजे म्यान, एवढेच ना?

आडवीधार: कशाचे, ते लिहा. पायदळात कंपनीतल्या अधिकाऱ्याला काळे चामड्याचे, अ‍ॅडज्युटंटला (पलटणीच्या प्रमुखाचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याला) पोलादी, मेजरपासून वरच्यांना पितळी. घोडदळाचे पोलादी म्यान धारेचे वैरी, घोडा दौडताना पाते आत घासत राहते. क्रिमियात बालाक्लाव्हाच्या लढाईत 25 ऑक्टोबर 1854 रोजी पडलेल्या, ब्रिटिश घोडदळातल्या कॅप्टन नोलनने आदल्या वर्षी छापलेल्या पुस्तकात निजामाच्या बेकवायती स्वारांचा दाखला दिला आहे. त्यांची पाती ब्रिटिश फौजेने टाकून दिलेलीच, पण वस्तऱ्यासारखी लावलेली आणि लाकडी म्यानात. लढाईखेरीज उपसायची नाहीत. धातूच्या म्यानालाही आतून लाकडी अस्तर असेल तर धार टिकते.

'सोर्ड नॉट'ला 'तलवारीची गाठ' म्हणू नका. तो मुठीला बांधलेला फास, मनगटात अडकवला की हात सुटला तरी तलवार जात नाही. पायदळ अधिकाऱ्याचा किरमिजी-सोनेरी, टोकाला गोंडा. 'मनगटफास' किंवा नुसते 'गोंडा'.

शब्दवेल्हाळ: म्हणजे पायदळातल्या लेफ्टनंटच्या कमरेला म्यानाचा 'खणखणाट' घातला होता, तो खोडतो.

मोडीवाला: खोडा. तो अ‍ॅडज्युटंट असेल तरच ठेवा.