11 मुलं, 4 इयत्ता, मी एकटा: एकीला शिकवताना बाकीच्या तिघींनी करायचं काय? (मदत हवी आहे)

सत्तरीचा मास्तर:

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचत आलो, पहिल्यांदाच धागा काढतोय. चूकभूल द्यावी घ्यावी.

गोव्यात सत्तरी तालुक्यात, वाळपईहून आत डोंगराच्या बाजूला, सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवतो. पहिलीत 4, दुसरीत 2, तिसरीत 4, चौथीत 1. संपला पट. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे 60 मुलांपर्यंत 2 शिक्षक, आणि कागदावर आम्ही दोघं आहोतही. पण बाई बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) आहेत. मतदारयाद्यांचं काम निघालं की मी एकटा. शिक्षकांना इतर कामं लावू नयेत असं तोच कायदा म्हणतो, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून. त्यामुळे तक्रारीलाही जागा नाही.

इमारत ठीक आहे. माध्यान्ह आहार येतो, बचत गटाच्या बायका भाजी-पाव देतात. तेव्हा देणगी, वह्यावाटप वगैरे कृपया सुचवू नका. एका सज्जनांनी टॅबलेट दिले होते, ते कपाटात आहेत. रेंज देवळामागच्या चढावर येते.

अडचण वेळेची आहे. शाळेचे धरा पाच तास. चार इयत्तांत वाटले तर एकीला सव्वा तास. उरलेले पावणेचार तास ती इयत्ता 'हे दहा वेळा लिहा' यावर. लिहितात बिचारी. अक्षर सुंदर झालंय सगळ्यांचं!

दुसरं भाषेचं. तिसरीतली एक मुलगी धडा फडाफडा वाचते, हेल काढून. 'विहिरीतले पाणी आटले' असं वाक्य आलं. विचारलं, काय झालं गं विहिरीला? तिनं तेच वाक्य परत वाचलं. पुन्हा विचारलं, पुन्हा वाचलं. शेवटी कोंकणीत म्हटलं, "अगो, बांयचें उदक सोंपलें." तर लगेच, "आमच्या बांयचेंय सोंपलां सर, आवय न्हंयेर वता." मग पाच मिनिटं थांबेचना. नदीवर कुठला दगड कोणाच्या आईचा, सगळं सांगून झालं. म्हणजे मी तीन वर्षं हिला वाचायला शिकवलं की नुसतं उच्चारायला?

वर दोन मुलांच्या घरी कन्नड आहे. आईबाप बागायतीत कामाला.

एकाच खोलीत चार इयत्ता कुणी प्रत्यक्ष सांभाळल्या असतील तर सांगा. कोंकणी वर्गात किती येऊ द्यायची, तेही. (माध्यमाचा वाद नको, हात जोडतो. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का, त्या जनमत कौलापासूनचं सगळं पाठ आहे.)

कुडाळचा पाऊस:

मास्तर, सिंधुदुर्गात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत 19 वर्षं काढली. पहिलं काम, इयत्ता विसरा. हजेरीपटावर राहू दे, बसण्यातून काढा.

एकेका मुलाला पाच मिनिटं एकटं घेऊन बसा. अक्षर ओळखतो का, शब्द वाचतो का, चार ओळींचा उतारा, मग गोष्ट. मुलांना वाचता येतं का याची 'असर' नावाची देशभर पाहणी होते, तिच्यात वापरतात तशीच चाचणी. तुमच्या चार इयत्तांचे तीन गट होतील, आणि ते इयत्तेप्रमाणे पडणार नाहीत, पैज लावतो. भाषेला आणि गणिताला रोज तासभर हेच गट.

दुसरं, 'बाकीच्यांनी काय करायचं' याचं उत्तर कार्डं. आंध्रातल्या मदनपल्लीजवळच्या ऋषी व्हॅली शाळेवाल्यांनी आसपासच्या खेड्यांतल्या छोट्या शाळांसाठी हे बसवलं. प्रत्येक पायरीचं कार्ड, भिंतीवर शिडी, आपण कुठल्या पायरीवर ते मुलाला ठाऊक. त्यातूनच 1995 च्या सुमारास म्हैसूरकडे हेग्गडदेवनकोट्यात सरकारी शाळांसाठी 'नली-कली' सुरू झालं. पण सगळ्या विषयांची कार्डं एकदम करू नका. मी केली, दोन दिवाळ्या त्यात गेल्या आणि निम्मी उंदरांनी खाल्ली. आधी गणित. काजूबिया आहेत ना तुमच्याकडे? दहादहाच्या पुरचुंड्या बांधा, दशक-एकक त्यावर होतं.

सत्तरीचा मास्तर:

पटतंय. पण तपासणीला साहेब आले की प्रत्येक इयत्तेचा अभ्यासक्रम कुठवर आला ते विचारतात. चौथीचा मुलगा दुसरीच्यांबरोबर दिसला तर?

कुडाळचा पाऊस:

त्यांना त्यांच्याच परिपत्रकातली भाषा ऐकवा. केंद्राचं निपुण भारत अभियान 2021 साली आलं. तिसरीअखेर मूल समजून वाचायला हवं, आणि हे 2026-27 पर्यंत, असं त्यातच आहे. दैनंदिनीत दोन रकाने ठेवा, एक इयत्तेचा, एक गटाचा. चाचणीचे कागद तारीख घालून जपा. आमच्याकडे तरी कागद बघितल्यावर आवाज खाली यायचा.

आवय:

मी सत्तरीतलीच. माझा मुलगा बालरथानं (शाळेच्या बसनं) बाहेरच्या शाळेत जातो. लोक म्हणतात इंग्रजीच्या हव्यासानं पाठवला. थोडं ते आहेच, खोटं कशाला बोलू. पण आमच्या शाळेत त्याच्या वयाचा दुसरा मुलगाच नव्हता. खेळणार कोणाशी? मास्तर वाईट नव्हते हो.

कोंकणीबद्दल एक सुचवते. गावातल्या एखाद्या आजीला आठवड्यातून एकदा बोलवा. माझी सासू तर कुणी ऐकत असेल तर दिवसभर गोष्टी सांगेल. मुलं कोंकणीत ऐकतील, मग तीच गोष्ट तुम्ही मराठीत लिहून घ्या. स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी आणि कोंकणी दोन्हींत चित्रगोष्टी फुकट आहेत, छापायचीही मुभा आहे. वाळपईला गेलात की छापून आणा, रेंजचा प्रश्न नाही.

रोखठोक:

कशाला एवढा खटाटोप? 11 ची 8 झाली की विलीन करून टाकतील. पहिले मुख्यमंत्री बांदोडकर यांच्या काळात गावोगाव शाळा उघडल्या, आता एकेक बंद व्हायची पाळी.

सत्तरीचा मास्तर:

रोखठोक, असेल तसं. पण ही 11 उद्या सकाळी आठला येणार आहेत, त्यांचं काय करू?

सत्तरीचा मास्तर (तीन आठवड्यांनंतर):

हिशोब देतो. चाचणी घेतली. कुडाळकर, पैज जिंकलात. चौथीचा एकुलता एक मुलगा शब्दांच्या गटात निघाला, दुसरीच्या दोघांबरोबर. दोन दिवस फुगून बसला होता. त्याला काजूबियांचा खजिनदार केलं, पुरचुंड्या मोजून द्यायच्या आणि मोजून घ्यायच्या. आता पहिलीच्या पोरांकडून हिशोब घेताना माझ्यासारखाच ओरडतो. कन्नडवाल्यांपैकी एकजण गणितात सगळ्यांच्या पुढे आहे. हे मला वर्षभरात कळलं नव्हतं, कारण तो बोलतच नव्हता. भाषेची कार्डं मात्र फसली. चार दिवसांत संपली, नवी करायला रात्र पुरत नाही. तयार मराठी संच कुणाकडे असेल तर कळवा.

आजी येऊन गेली. मुलांनी तिला माटोळीला (चतुर्थीला गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात ती) काय काय बांधतात ते विचारलं, फळ्यावर 23 नावं झाली. निम्म्यांना मराठी शब्द मलाच सुचेना, तशीच ठेवली.

आणि ती तिसरीतली मुलगी. स्वतःच्या मनानं दोन ओळी लिहून आणल्या. कुठून उतरवलेल्या नाहीत, विचारून खात्री केली. 'आमची बाय आटली. आई नदीवर जाते.'

आता अडलोय. 'बाय'ला लाल रेघ मारून 'विहीर' करू, की आहे तसं ठेवू? वही उद्या परत द्यायची आहे. निदान अनुस्वार तरी देतो, नाहीतर घरची पोरगीच आटल्यासारखं वाचतील.