मामा तलावात बेशरम माजली, ग्रामपंचायत आणि जि.प.कडून मदत कशी काढायची?

धुऱ्यावरचा
रामराम मंडळी. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतला आहो, गावाचं नाव टाकत नाही, सरपंचबी फोनवरच रायते दिवसभर. यावर्षी पहिल्यांदा ग्रामपंचायतचा मेंबर झालो. गावाले लागून जुना मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलाव आहे. आजोबा सांगायचे का पोहून पलीकडच्या काठाले लागला तो खरा गडी, आता गुडघ्याएवढ्या पाण्यात चालत जाता येते, तेही बेशरमनं (पाण्यात माजणारं झुडूप) वाट देली तर. तुडूम (पाणी सोडायचं दार) फुटलं, पाळीवर बाभळी उगवल्या, सलंग (जास्तीचं पाणी जायची वाट) कुठून वाहते तेच समजत नाही, होळीनंतर तलाव कोरडा. मासे धरणाऱ्या ढिवर समाजाची बरीच घरं याच्यावरच जगत होती, आता धानाची रोवणी आटपली का पोरं नागपूर नाहीतर हैदराबाद.

ग्रामपंचायतीत विषय काढला तर ग्रामसेवक म्हणते तलाव आपला नाही, जि.प.चा. सिंचनवाल्याकडे गेलो तर म्हणे निधी आला का पाहू. मत्स्यवाल्याकडे गेलो तर म्हणे आमाले फक्त लीजचं विचारा. तीन चकरा, तीन वेळा चहा माझ्याच खिशातून. आता एक ठेकेदार आला, म्हणते तलाव फुकट खोल करून देतो, निघंल तो मुरूम माझा. सरपंच लय खुश. मले पटून नाही रायलं पण मीटिंगमधी काहून नाही ते सांगता येत नाही. कोणी हे केलं असंल तर सांगा बाप्पा, पैसा कोणत्या हेडमधून निघते, कागद काय लागते. आणि नुसतं पर्यावरण पर्यावरण नको, मले पाच वर्षांनी पुन्हा मतं मागायची आहेत.

सातबारा_काका
मेंबर साहेब, मी तलाठी म्हणून रिटायर झालो, थोडं लांबण लागेल. तुमचा ग्रामसेवक खोटं बोलत नाही. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी (गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराची पद्धत) गेली, 1951 पासून तलाव सरकारजमा झाले, आणि पुढं विदर्भ महाराष्ट्रात आल्यावर शंभर हेक्टरपर्यंत सिंचन असणारे तलाव जि.प.कडं गेले. मालगुजार असताना पाळ फुटली की रात्रीतून माणसं गोळा व्हायची, कारण धान त्यांचंच होतं. मालक बदलला तशी ती सवय गेली, आणि सरकारनं पाणीपट्टी मागितली तेव्हा तर लोकांनी सरळ म्हटलं की आमच्या बापजाद्यांनी बांधलेल्या तलावाचं पाणी आम्हाले विकता का. ते भांडण तेव्हाच नीट मिटवायले पाहिजे होतं. असो.

पण जि.प.चा आहे म्हणजे गावाचा हक्क नाही असं नाही. तहसीलच्या रेकॉर्डरूममध्ये जाऊन दोन कागदांची नक्कल मागा, निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. महसूल अधिनियम 1966 च्या कलम 161 आणि 165 मध्ये त्यांचा उल्लेख आहे, आणि ही आपल्या विदर्भाची जुनी ठेव आहे, पुण्याकडच्या माणसाले हे शब्द सांगितले तर तो तुमच्याकडं पाहतच राहील. गुरांचं पाणी, वाट, मासे, पाटाचं पाणी कोणाले आधी, असले रिवाज त्यात लिहिलेले असतात. त्याच्यासंगं तलावाच्या गटाचा सातबारा आणि जुना नकाशा काढा आणि भूमी अभिलेखकडं मोजणीचा अर्ज टाका. माझ्या नोकरीत असा तलाव मी क्वचितच पाहिला ज्याचं कागदावरचं क्षेत्र आणि जमिनीवरचं क्षेत्र सारखं निघालं. बुडितात (तलावाच्या पाण्याखाली येणाऱ्या जमिनीत) बांध्या, म्हणजे धानाची शेतं, पडलेल्या असतात, आणि त्या बहुतेक ठरावाले हात वर करणाऱ्यांच्याच असतात. 2011 मध्ये सुप्रीम कोर्टानं जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामायिक जमिनी आणि तळ्यांवरची अतिक्रमणं काढा म्हणून सगळ्या राज्यांले सांगितलं, तो निकाल फाईलीत लावून ठेवा, पण पहिल्याच दिवशी कोणाच्या तोंडावर फेकू नका.

मुरूम गौण खनिज आहे. परवाना आणि रॉयल्टी नसली तर त्याच महसूल अधिनियमाच्या कलम 48(7) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड लागते. सरपंचाले एवढंच विचारा का साहेब, ठेकेदार पळाला तर नोटीस कोणाच्या नावानं येईल.

उन्हाळी_धान
काका तुम्ही सगळं बुडितातल्या शेतकऱ्यावरच ढकलता. आमची दीड एकर बांधी आहे तलावाच्या पोटात, बापाच्या काळापासून, तेव्हा कोणी आलं नाही. तलाव भरला का आमचं धान गेलं. उद्या पाणी वाढवता तर आम्ही काय खावं?

शिक्कामोर्तब
मी ग्रामसेवक आहे, 2024 पासून पाटीवर ग्रामपंचायत अधिकारी लिहिलंय, पगार आणि शिव्या तेवढ्याच. धुऱ्यावरचा भाऊ, तुमच्या ग्रामसेवकाच्या बाजूनं एक सांगतो, ज्या मालमत्तेची नोंद आमच्या रजिस्टरला नाही तिच्यावर खर्च टाकला की ऑडिटवाला पहिला आक्षेप तिथंच घेतो आणि वसुली आमच्या पगारातून निघते. म्हणून तो नाही म्हणतो, आळसानं नाही (आळस असेलही, मी त्याला ओळखत नाही).

म्हणून क्रम उलटा करा, पहिले ग्रामसभेचा ठराव, मग जि.प.ची लेखी नाहरकत, मग पैसा. ठराव 1 मे किंवा 15 ऑगस्टच्या सभेत घ्या म्हणजे गर्दी असते, कोरमसाठी पळापळ होत नाही, आणि ठरावात फक्त "तलाव खोलीकरण" लिहू नका, नाहीतर तांत्रिकवाला मशीनचंच अंदाजपत्रक बनवतो. बेशरम मुळासकट काढणं, पाळ आणि तुडूम दुरुस्ती, येव्याचे (तलावात पाणी आणणारे) नाले मोकळे करणं, सगळं वेगवेगळं लिहा. बेशरम काढणं आणि नाले हे रोहयोत (रोजगार हमी योजनेत) चांगलं बसतं कारण तिथं मजुरीचा हिस्सा साठ टक्क्यांच्या खाली जायला नको आणि ह्या कामात सामान लागतच नाही, कुदळ घमेलं बस. उन्हाळ्यात मजूरही मिळतो. तुडुमाला मात्र सिमेंट आणि मिस्त्री लागतो, ते जि.प.च्या दुरुस्तीतून किंवा जिल्हा वार्षिक योजनेतून मागा, आमदाराचं पत्र जोडलं तर फाईल जरा जोरात चालते, हे लिहायला नको पण लिहिलं. पंधराव्या वित्त आयोगात आम्हाला साठ टक्के पैसा बंधित (ठरलेल्या कामावरच खर्चायचा) यायचा, अर्धा स्वच्छतेला आणि अर्धा पाण्याला, पाण्यामध्ये पावसाचं पाणी साठवणंही होतं. पण ज्या गावांनी आराखड्यात तलाव लिहिलाच नव्हता त्यांना तो खर्चताच आला नाही. आराखड्यात नसलेलं काम म्हणजे आमच्यासाठी नसलेलंच काम.

आणि गाळ. गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार 2017 ला आली, 2023 पासून पुन्हा सुरू झाली, त्यात मशीन आणि डिझेलचा खर्च वेगळा आणि अल्पभूधारकाला गाळ शेतात नेऊन टाकायला घनमीटरला 35 रुपये 75 पैसे, अडीच एकरापर्यंत, जास्तीत जास्त 37,500. अर्ज करायच्या आधी यंदाचा जीआर एकदा बघून घ्या, दर बदलत असतात. महत्त्वाचं म्हणजे ही योजना गाळाची आहे, वाळूमुरमाची नाही. उन्हाळी धानवाल्या भाऊला पहिला ट्रॅक्टर द्या, भांडण अर्धं तिथंच मिटतं.

पाण्यातली_ताई
मी मच्छी सोसायटीत आहो, आमच्या बाया जाळं पण ओढतात. सगळे पैशाचंच बोलून रायले म्हणून लिहितो. आमच्या गावी पण एक असाच मशीनवाला आला होता. तीन आठवड्यात तलावाची विहीर करून टाकली, काठ उभे, मधात खड्डा, आणि खालची चोपण माती निघून मुरूम उघडा पडला. पाऊस चांगला झाला, तलाव भरला, सगळे फोटो काढाले आले, संक्रांतीपर्यंत पाणी झिरपून गायब. म्हैस उतरंना. मासे कुठं अंडी घालतील? मरळ, वाघूर यायले उथळ काठ पाहिजे, झाडोरा पाहिजे, गवत पाहिजे. खोल पाण्यात फक्त विकत आणलेलं बीज वाढते, रोहू, कटला, आणि त्याचा पैसा दरवर्षी खिशातून.

मग आम्ही दुसऱ्या तलावावर वेगळं केलं. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ नावाची संस्था आपल्याकडं ढिवर लोकांसंगं याच कामात आहे, त्यांचं ऐकून होतो. पहिले बेशरम. कापू नका, कापली का दुप्पट येते, तिचा तुकडा चिखलात पडला तरी मूळ धरते म्हणून तर तिचं नाव तसं. पाणी उतरल्यावर जमीन ओली असतानाच मुळासकट ओढायची आणि पाळीवर उन्हात टाकायची, पाण्यात एक काडी जाऊ द्यायची नाही. एका वर्षात होत नाही, दुसऱ्या, तिसऱ्या वर्षी पुन्हा फिरावं लागते, तेव्हा कमी रायते. मग उथळ भागाले नांगर मारला, आणि शेजारच्या चांगल्या तलावातून पाण्याखालची झाडं आणून लावली, हायड्रिला आणि तसलं, चिखलाच्या गोळ्यात मूळ दाबून. लोक हासले का धान सोडून पाण्यात काय रोवता. देवधान (रानटी धान) आपलं आपणच आलं. पक्षीबी आले पण ते मी मीटिंगमधी नाही सांगत, मासे किती आले ते सांगतो.

एक अजून, लीज घेणारा कोणी गवत्या मासा (ग्रास कार्प) सोडत असंल तर थांबवा. तो सगळी वनस्पती खाऊन तलाव टक्कल करते.

पाणथळ_फिरस्ता
नागपूरला राहतो, सुट्टीत दुर्बीण घेऊन फिरतो, ताईंनी माझं अर्धं काम केलं. एक कायद्याची गोम सांगतो कारण कोणीतरी तुम्हाला नक्की म्हणेल की पाणथळ म्हणून घोषित करून टाका, केंद्राचा पैसा येईल. 2017 च्या पाणथळ नियमांत सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी माणसानं बांधलेले जलसाठे व्याख्येतूनच वगळले आहेत, म्हणजे तीनशे वर्षं जुना, सारस उतरणारा मामा तलावही कागदावर सिंचनाचा म्हणून बाहेर! सुप्रीम कोर्टानं 2017 मध्ये सव्वादोन हेक्टरवरच्या 2,01,503 पाणथळांना संरक्षण द्यायला सांगितलं होतं, त्या यादीत तुमचा तलाव आहे का ते बघा, पण त्या भरवशावर बसू नका. समुद्राकाठी निदान कांदळवन कक्ष तरी आहे 2012 पासून, आपल्या तलावांना असं एक ऑफिस नाही, म्हणून तीन ऑफिसांत तीन चहा.

मागं ओडिशात चिलिकाला गेलो होतो. तिथं गाळानं समुद्राचं तोंड दूर सरकलं, खारं पाणी आत येईना, मासे घटले, गवत माजलं, 1993 मध्ये धोक्यातल्या पाणथळांच्या आंतरराष्ट्रीय यादीत नाव गेलं. सप्टेंबर 2000 मध्ये नवीन तोंड उघडलं आणि 2002 मध्ये नाव यादीतून निघालं. मला त्यातलं एकच आवडलं, त्यांनी सगळं सरोवर खोदत बसण्याआधी पाणी कुठून येतं-जातं ते पाहिलं, आणि कामाला चिलिका विकास प्राधिकरण नावाचं एकच ऑफिस होतं. चिलिका कुठं आणि आपला तलाव कुठं, पण येवा बंद असेल तर इथंही गाळ काढून उपयोग नाही. तुमच्या तलावाच्या वर झुडपी जंगल (महसूल नोंदीतली झुडुपांची जमीन) असेल तर नाल्याला हात लावायच्या आधी वनविभागाला विचारा, सुप्रीम कोर्टाच्या मे 2025 च्या निकालानं झुडपी जंगल हे जंगलच ठरलंय.

उन्हाळी_धान
ट्रॅक्टरवाली गोष्ट आमच्या मेंबरच्या कानावर घालतो. पण बांधीचं काय ते कोणी बोललं नाही.

सातबारा_काका
बोलतो. मोजणी होऊ द्या. रेषा तुमच्या बांधीच्या खालून गेली तर तुम्ही मोकळे. वरून गेली तर तोपर्यंतच्या पिकाची मुदत ग्रामसभेतच मागून घ्या, ठरावात लिहून. गावानं लिहून देलेली मुदत सहसा कोणी मोडत नाही, तहसीलदारासमोर गेलं का मग नोटीस आणि तारखा.

धुऱ्यावरचा
सगळ्यांचे उपकार. काल नक्कल काढाले गेलो, वाजिब-उल-अर्ज म्हटलं तर क्लार्क म्हणे हे काय असते, मग आतून एक जुना माणूस आला आणि दहा मिनिटांत बस्ता काढून देला. त्यात लिहिलंय का तलावाच्या मासोळीवर ढिवराचा रिवाज आणि गुरांच्या पाण्याले कोणी अडवायचं नाही. झेरॉक्स काढून सरपंचाच्या हातात देली, दंडाचंही सांगितलं. ठेकेदाराचा फोन आता ते उचलत नाहीत. 1 मेच्या सभेत विषय लागला. रोहयोची मागणी बेशरमसाठी, तुडूम जि.प.कडे, गाळ फक्त मधल्या भागाचा आणि काठ तसेच ठेवायचे, असं लिहून देलं.

ताई एक विचारतो, उपटलेली बेशरम पाळीवर वाळली का जाळू, का कशाले कामाले येते?

पाण्यातली_ताई
वाळू द्या चांगली, मग चुलीत घालतात बाया, धूर जास्त करते पण जळते. पाळीवर मात्र जाळू नका, मागच्या वर्षी आमच्या पाळीवरचं मोहाचं झाड तसंच गेलं. आणि तुडूम पावसाच्या आधी करून घ्या भाऊ, बाकी काही राहिलं तरी चालते.