क्लब हाऊसमध्ये सापडलेला कागद

ग्रुप: फक्त सभासद (गुड मॉर्निंग टाकू नये)

बी-५०२ काकू, ७:१२: सुप्रभात. काल भजन झाल्यावर क्लब हाऊसमधल्या खुर्च्या लावताना एक कागद सापडला. आपल्याच गेल्या सभेच्या नोटिशीच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलाय, वर चहाच्या कपाचा डाग. अक्षर दिव्य आहे, तरी लागलं तसं टाइप करते.
"बापू दोन्हीकडे आहेत, हे सेशन ४ पर्यंत कुणाला कळता कामा नये. दादांना एकटं पाडायचं. गार्डचा पगार थकलाय, ठिणगी तिथूनच. मामा मरणार, पण सेशन ३ च्या आधी नको. बाईंना गडावर हलवायचं."
मला रात्रभर झोप नाही.

बी-१०२ काका: क्लब हाऊसची किल्ली रात्री ९ वाजता वॉचमनकडे जमा करावी. मी मार्चपासून हे सांगतोय.

ए-५०३: मामा मरणार?? मामांनी आत्ता माझं दुधाचं पाकीट वर आणून दिलं. ठणठणीत आहेत.

दादा (चेअरमन): मला एकटं पाडायला कागद कशाला हवा. गेल्या सभेत सगळ्यांनी पाहिलंच आहे.

सेक्रेटरी: दादा, तो विषय इथे नको, ही विनंती. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायचीच आहे. १४ दिवस आधी नोटीस निघेल, तेव्हा बोलू.

बापू (ए-१०१): माझं नाव लिहिणाऱ्याने समोर यावं. मी दोन्हीकडे नाही. मी कुठेच नाही.

ए-५०३: बापू, बी विंगला वाटतं तुम्ही रीडेव्हलपमेंटच्या बाजूने आहात आणि ए विंगला वाटतं तुम्ही विरोधात आहात. दोघंही तुम्हाला चहाला बोलावतात 😀

बापू (ए-१०१): चहा पिणं गुन्हा आहे का?

बी-४०४: ते सगळं असू द्या. गार्डचा पगार खरंच थकलाय का?

सी-२०४ आई: एक मिनिट, एक मिनिट. हा कागद आमच्या चिरंजीवांचा असणार. उठवते त्याला.

सी-२०४: सॉरी काकू. माझाच आहे. शनिवारी आम्ही पाच जण खेळतो त्या गेमच्या नोट्स आहेत. आणि ते 'गार्डचा' नाही, 'गारद्यांचा' आहे. १७७३ सालचं पुणं, शनिवारवाडा. दादा म्हणजे राघोबादादा, बापू म्हणजे सखारामबापू, बाई म्हणजे गंगाबाई, नारायणराव पेशव्यांची बायको.

ए-३०४ बाई: म्हणजे काकूंनी 'द्या'चा 'ड' केला. पुण्याची जुनी खोड आहे ही.

ए-५०३: 😂😂 बाई, नमस्कार घ्या

बी-५०२ काकू: हसा. चष्म्याचा नंबर बदललाय माझा. पण सभेच्या नोटिशीवर कटकारस्थानं लिहायची काय गरज होती?

सी-२०४: लिफ्टजवळ गठ्ठा पडला होता, पाठकोरे म्हणून घेतले काकू.

सेक्रेटरी: ते पाठकोरे नव्हते. वाटायचे राहिले होते.

बी-४०४: म्हणजे गेल्या सभेची नोटीस सगळ्यांना मिळालीच नाही. हे लिहून घ्या कुणीतरी.

दादा (चेअरमन): हा कसला खेळ आहे, ज्यात पगार थकतात आणि मामा मरतात?

सी-२०४: काका, थोडं मोठं लिहितो. डंजन्स अँड ड्रॅगन्स नावाचा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. सोंगट्या सरकवून जिंकायचं असं त्यात नसतं. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डीएम म्हणतात, तो मी. बाकीचे एकेक पात्र होतात आणि आपल्या पात्राने काय केलं ते सांगतात. अवघड काही करायचं असेल, उदा. पहारेकऱ्याला थाप मारायची, तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. आम्ही त्यातले ड्रॅगन काढले आणि राघोबादादांविरुद्ध एक झालेल्या बारभाईंचं कारस्थान घातलं.

ए-३०४ बाई: १७७४ ला सवाई माधवराव जन्मले आणि १९७४ ला तुमचा खेळ. बरोबर दोनशे वर्षं. चालू द्या.

बी-५०२ काकू: गणपती तोंडावर आलेत आणि मुलं खुनाचे खेळ खेळतायत.

ए-३०४ बाई: काकू, नारायणरावांचा खून गणपतीच्या दिवसांतच झाला. ३० ऑगस्ट १७७३. मुलगा अठरा वर्षांचा होता. गारदी पगार मागायला म्हणून वाड्यात घुसले.

खजिनदार: गार्डचा पगार थकलेला नाही. एजन्सीचं दोन महिन्यांचं बिल तपासणीत आहे.

ए-५०३: गारद्यांनाही हेच सांगितलं होतं.

खजिनदार: विनोदाला मर्यादा असते.

बी-१०२ काका: क्लब हाऊसची किल्ली रात्री ९ वाजता वॉचमनकडे जमा करावी.

बी-४०४: मला खेळात रस नाही, पण एक शंका. काय झालं ते शाळेत सगळ्यांनी वाचलंय. मग खेळण्यात मजा काय?

सी-२०४: काका, याच प्रश्नावर मी महिनाभर अडलो होतो. आधी मी एकाला नाना फडणवीस केलं, एकाला बापू. पहिल्या सेशनला नाना झालेला मित्र म्हणाला, "मला माहीत आहे मी जिंकतो, झोपू का?" मग सगळं फाडलं. आता खेळाडू बारीक माणसं आहेत. एक जासूद, एक फडावरचा कारकून, एक सुईण, पगार थकलेला एक गारदी आणि एक पालखीचा भोई. मोठी माणसं माझ्याकडे. ती आपापलं कारस्थान चालवतात आणि हे पाच जण मध्ये सापडतात. आणि गंगाबाईंना मुलगा होणार की मुलगी, ते फासा ठरवणार.

ए-३०४ बाई: हे आवडलं मला. सगळ्या कारस्थानाची भिस्त न जन्मलेल्या मुलावर होती, हेच लोक विसरतात. खून ऑगस्टमध्ये, मूल पुरंदरावर १८ एप्रिलला. मधले साडेसात महिने बारभाईंच्या हातात होतं काय? एक गरोदर विधवा आणि एक गड. मुलगी झाली असती तर?

सी-२०४: म्हणूनच सुईण ठेवलीय बाई. पुण्यातल्या प्रत्येक गटाला तिच्याशी गोड बोलावं लागतं.

बी-५०२ काकू: सुईण कोण होते?

सी-२०४: बी-३०२ चा दादा. दाढीवाला.

ए-२०१ (डॅलस): नमस्कार मंडळी, इकडे रात्र आहे. मी इथे कॉलेजपासून हा खेळ खेळतोय. अरे, बारा गट केलेस की काय? टेबलावर ते चालत नाही. पाच खेळाडू असतील तर तीन, फार तर चार गट. त्याच्या वर गेलं की लोक नावं विसरतात आणि फोन बघत बसतात.

खजिनदार: आपण ऑनलाइन दिसलात म्हणून लिहितो, आपल्याकडे तीन तिमाहींचा मेंटेनन्स येणे आहे.

ए-२०१ (डॅलस): *हा मेसेज डिलीट करण्यात आला.*

सी-२०४: काका बरोबर बोलताय. चारच आहेत: दादा, नाना, बापू आणि इंग्रज. प्रत्येकाचं एक कार्ड. हवं काय, हातात काय, उणं काय, गुपित काय. 'उणं काय' सगळ्यात महत्त्वाचं, कारण त्यासाठीच तो दुसऱ्या गटाच्या दारात जातो. दादांकडे हक्क आहे, फौज अपुरी. इंग्रजांकडे फौज आहे, पण पुण्यात शिरायला निमित्त नाही. आता या दोघांना कुणी भेटवायची गरज आहे का? आपोआप भेटतात.

ए-३०४ बाई: भेटलेच. ६ मार्च १७७५, सुरतेचा तह. अडीच हजार माणसं द्यायची, बदल्यात साष्टी आणि वसई. आणि इंग्रज म्हणजे एक गट समजू नकोस. मुंबईवाल्यांनी तह केला, कलकत्तेवाल्यांनी तो मोडीत काढला आणि पुढच्या वर्षी पुरंदरला नवा केला. घर तिथेही फुटलेलं होतं.

सी-२०४: बाई!! हे मी घेतो. इंग्रजांचा वकील मोस्टिन पुण्याच्या दरबारात बसून मुंबईला पत्रं लिहितो एवढंच होतं माझ्याकडे. आता कलकत्त्याचा एक हेर घालतो.

दादा (चेअरमन): राघोबादादांना एवढं पाडू नका. अटकेपर्यंत गेलेला माणूस आहे.

ए-३०४ बाई: अटकेपर्यंत गेले आणि घरात अडकले. रामशास्त्र्यांनी दोषी कुणाला ठरवलं, आठवतं ना?

बी-५०२ काकू: दादांना उगाच बोल लावतात. सगळं त्या आनंदीबाईचं. 'ध'चा 'मा' तिनेच केला, लहानपणापासून ऐकतोय.

ए-३०४ बाई: ऐकतोय, हेच. एकतीस वर्षं इतिहास शिकवला, तो खाडाखोड केलेला कागद माझ्या तरी पाहण्यात आला नाही. बायकोवर ढकललं की नवऱ्याचं भलं होतं.

बी-५०२ काकू: तुम्हाला सगळ्यातच बायकांची बाजू दिसते.

ए-३०४ बाई: तुम्हाला दिसत नाही याचं आश्चर्य वाटतं.

सेक्रेटरी: दोघींनाही नम्र विनंती 🙏

सी-२०४: भांडू नका प्लीज. गेममध्ये मी हे मुद्दाम उघडं ठेवलंय. तिघांना तीन चिठ्ठ्या दिल्यात. कारकुनाला आठवतं की अक्षर दादांच्या कारकुनाचं होतं. गारद्याने हुकूम तोंडी ऐकलाय, त्याने कागदच पाहिला नाही. भोयाने त्या रात्री आनंदीबाईंच्या महालात दिवा पाहिला. तिघंही खरं बोलतायत आणि तिघांचं जुळत नाही. परवा यावर दीड तास वाद झाला, मी नुसता वेफर्स खात बसलो होतो. एकच पुरावा ठेवला आणि तो खेळाडूंच्या नजरेतून सुटला की गोष्ट तिथेच मरते, म्हणून तीन.

बी-१०२ काका: त्या वेफर्सची पाकिटं कोण उचलणार? आणि क्लब हाऊसची किल्ली रात्री ९ वाजता वॉचमनकडे जमा करावी.

ए-२०१ (डॅलस): चिठ्ठ्या मस्त. खेळाडू काहीच न करता नुसते बोलत बसले तर?

सी-२०४: त्यासाठी घड्याळं आहेत. भाकरीएवढं वर्तुळ, सहा तुकडे. दर सेशनला प्रत्येक गटाचा एक तुकडा काळा करतो, खेळाडूंनी अडवलं तर नाही करत. नानांचं घड्याळ भरलं की गंगाबाई पुरंदरावर पोचतात. इंग्रजांचं भरलं की ठाण्याचा किल्ला जातो. कागद टेबलावर सगळ्यांसमोर असतो, म्हणून धाकधूक वाढते. मी खेळाडूंसाठी गोष्ट लिहीतच नाही. गट काय करणार तेवढं लिहितो.

बी-४०४: आणि मामा? वॉचमन मामांना कुणीतरी सांगितलंय. ते विचारतायत, मग नाइटला कोण येणार.

ए-३०४ बाई: त्रिंबकरावमामा पेठे. कासेगावच्या लढाईत पडले, पंढरपूरजवळ, मार्च १७७४. बारभाईंचा लढणारा माणूस पहिल्याच झटक्यात गेला.

सी-२०४: जासूद झालेल्या मित्राला मामा फार आवडतात. म्हणून सेशन ३ च्या आधी नको असं लिहिलं. आधी लळा लागला पाहिजे.

बी-५०२ काकू: शी. काय मन आहे.

बापू (ए-१०१): बाकी सगळं झालं. माझ्या कार्डावर काय आहे ते सांग.

सी-२०४: तुमच्या नाही हो, सखारामबापूंच्या.

बापू (ए-१०१): तेच. सांग.

सी-२०४: "हवं काय: जो जिंकेल त्याच्या शेजारची जागा. हातात काय: दोन्हीकडची माणसं सल्ल्याला येतात. उणं काय: पुरता भरवसा कुणाचाच नाही. गुपित: दादांना एक पत्र गेलंय." पत्र मी रचलंय.

ए-५०३: 👀

बापू (ए-१०१): साडेतीन शहाण्यांत सखारामबापू पूर्ण शहाणे होते. नाना अर्धे. हे लिहिलंस का कुठे?

सी-२०४: लिहितो काका.

ए-३०४ बाई: पूर्ण शहाणे शेवटी कैदेत गेले, तेही लिही. आणि मोरोबाला विसरू नकोस. नानांचा चुलतभाऊ, आधी बारभाईत, १७७८ ला नानांवरच उलटला आणि नगरच्या किल्ल्यात कैदी होऊन बसला. हे बारा जण दादा नकोत एवढ्यापुरतेच एक होते. दादा लांब गेले की एकमेकांकडे बघायला मोकळे.

ए-५०३: बारभाईंची शेती, काय लागेल हाती. आपल्या कमिटीत किती जण आहेत हो?

सेक्रेटरी: सात. दोन जागा रिकाम्या. कुणी पुढे येत नाही आणि इथे बोलायला चाळीस जण.

दादा (चेअरमन): अरे सी-२०४, शनिवारी किती वाजता असतं? मी येऊन बसलो तर चालेल का? खेळणार नाही, नुसता बघेन. राघोबाचं काय करताय ते बघायचंय.

सी-२०४: या ना काका. सात वाजता. पण राघोबांचा आवाज काढायला मला कुणीतरी हवंच आहे.

बी-५०२ काकू: शनिवारी सात वाजता? शनिवारी सातला आमची भिशी आहे क्लब हाऊसमध्ये. पंचवीस बायका.

सी-२०४: काकू, आमचं बुकिंग आहे. किल्लीसुद्धा माझ्याकडे आहे.

बी-५०२ काकू: किल्ली माझ्याकडे आहे. पर्समध्ये. आत्ता बघून सांगते.

बी-१०२ काका: क्लब हाऊसची किल्ली एकच आहे आणि ती रात्री ९ वाजता

बी-१०२ काका: थांबा. दोघांकडे कशी?

सेक्रेटरी: काकू, तुम्हाला कुणी दिली?

बी-५०२ काकू: बापूंनी.

सी-२०४: मलापण बापूकाकांनीच.

ए-५०३: बापू टायपिंग करतायत.

ए-५०३: थांबले.

बापू (ए-१०१): *हा मेसेज डिलीट करण्यात आला.*