मदत हवी आहे: मार्चमध्ये तीर्थनवर कोणती ड्राय फ्लाय?

पुण्याहून मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात ट्राउटच्या फ्लाय फिशिंगला जातोय, चारच दिवस. ड्राय फ्लाय म्हणजे गळावर बांधलेला, पाण्यावर तरंगणारा नकली किडा. परवाना काढतो, गळ बिनकाट्याचा, मासा परत पाण्यात. त्यामुळे तो विषय नको.

गेल्या मार्चमध्ये एका ढगाळ दुपारी, साधारण १ ते ३, पाण्यावर बारीक राखाडी मेफ्लाय (पाण्यातून निघणारे पंखवाले किडे) निघाल्या. पंख शिडासारखे उभे, शेपटीला दोन केस, अंग जेमतेम ५-६ मिमी. बेटिस (मेफ्लायचाच एक प्रकार) असाव्यात. ब्राउन ट्राउट वर येत होते, पण माझी १४ नंबरची ॲडम्स (राखाडी ड्राय फ्लाय; नंबर गळाचा, जितका मोठा तितका गळ बारीक) वीतभर अंतरावरून बघून परत खाली. एल्क हेअर कॅडिस या दुसऱ्या ड्राय फ्लायकडे तर ढुंकूनही पाहिलं नाही. टिपेट (फ्लायला बांधलेलं दोरीचं बारीक टोक) ४एक्सचं आणखी बारीक ५एक्स केलं, उभं राहायची जागा बदलली, फरक शून्य. ड्रॅग (दोरीमुळे फ्लाय प्रवाहाविरुद्ध ओढली जाणं) नव्हता असं वाटतं (पण सोसायटीच्या गच्चीवर सराव करणाऱ्याने छातीठोक काय सांगावं!).

रॉड ९ फुटी, ५ वेट (दोरीच्या वजनाचा नंबर). निम्फ (पाण्याखाली बुडणारी फ्लाय) लावा असं कृपया सांगू नका, वरूनच खेळायचंय. फ्लाय घरीच बांधतो, अजून वेळ आहे. १८ नंबरची ब्लू विंग्ड ऑलिव्ह (बेटिसची नक्कल करणारी ड्राय फ्लाय) पुरेल, की मासे पाण्याच्या पापुद्र्यात अडकलेले, अर्धवट निघालेले किडेच टिपत होते आणि त्यांची नक्कल करणारी इमर्जर बांधायला हवी?