'पश्चात्ताप', 'वळणे' आणि 'पाचारण' : ख्रिस्ती मराठीतला अर्थ

प्रश्न : 'पश्चात्ताप करून देवाकडे परत या, म्हणजे जीवनाला उद्देश सापडेल' असे वाक्य प्रवचनांत नेहमी येते. पश्चात्ताप आणि परत येणे एकच का? आणि त्यातून उद्देश कसा निघतो?

उत्तर : एकच नव्हे. आधी शुद्धलेखन : पश्चात् + ताप, म्हणून दोन 'त'. 'पश्चाताप' चूक. शब्दातच अर्थ आहे, मागाहून होणारा दाह. हिब्रू शास्त्रात, म्हणजे जुन्या करारात, मात्र या जागी बहुधा 'शूव' हे क्रियापद येते. त्याचा साधा अर्थ वळणे, माघारी येणे. वाट चुकलेला माणूस गावाकडे फिरतो, त्यालाही हाच शब्द. नव्या करारातला ग्रीक 'मेटानोइया' म्हणजे मन पालटणे. जळणे दोन्हींच्या गाभ्यात नाही.

मराठीत हा फरक विभक्तीवरून ओळखावा. पश्चात्ताप कशाचा? पापाचा. षष्ठी आली की वाक्य तिथेच पुरे होते. वळणे मात्र 'पासून' आणि 'कडे' मागते. १ थेस्सलनीकाकरांस १:९ पाहा : मूर्तींपासून, देवाकडे, आणि लगेच तिसरा भाग, जिवंत व खऱ्या देवाची सेवा करण्यास. तुमचा उद्देश या तिसऱ्या भागात आहे. लिहिताना तोच गळतो, आणि ऐकणारा रडून घरी जातो.

दुसरे मत : पण म्हणून 'पश्चात्ताप' टाकून देऊ नये. मराठी मंडळ्यांच्या (चर्चच्या) प्रार्थनेत तो शब्द मुरलेला आहे, आणि पापाचे दुःख खोटे नसते. २ करिंथकरांस ७:१० दुःखाचे दोन प्रकार सांगते : एक मन पालटायला लावते, दुसरे मरणाकडे नेते. मत्तय २७:३ मध्ये येशूला धरून देणाऱ्या यहूदासाठी ग्रीकात निराळेच क्रियापद आहे, 'मेटामेलोमाइ'. तिथे 'पस्तावला' हा शब्द नेमका बसतो. त्याने ३० नाणी परत केली, पण येशूकडे तो परतला नाही. म्हणून 'पस्तावणे' आणि 'पश्चात्ताप' हे प्रवचनात एकमेकांऐवजी वापरू नयेत.

पुरवणी : उधळ्या मुलाच्या दाखल्यातले (लूक १५:१७) 'शुद्धीवर येणे' हेही इथलेच. ग्रीकात शब्दशः 'स्वतःकडे आला'. मराठीत 'शुद्धीवर' म्हटले की मूर्च्छा आठवते. समजावून सांगताना 'भानावर आला' म्हणावे. मुलाने घरी निघण्याआधी बापाशी करायचे बोलणे घोकले होते, त्याचा शेवट 'मला मोलकऱ्यासारखे ठेवा' असा. बापासमोर ते वाक्य त्याच्या तोंडून येतच नाही. त्याआधीच बाप झगा, अंगठी, जोडा मागवतो. तेव्हा परतणे म्हणजे काम मागणे नव्हे. पुत्रपण आधी, काम मागून. हा क्रम उलटला की सेवा ही कर्जफेड होते आणि माणूस थकतो.

मूळ प्रश्नकर्ता : मग 'उद्देश' शब्द बरोबर आहे का?

उत्तर : चालेल, पण अपुरा. उद्देश माणूस स्वतः ठरवू शकतो. पवित्र शास्त्राच्या मराठीत यासाठी 'पाचारण' हा फार चांगला शब्द आहे. वर्तमानपत्रात 'अग्निशामक दलाला पाचारण केले' असे छापतात ना, तोच. पाचारणाला बोलावणारा लागतो, आणि वळायचे कुणाकडे हे त्या शब्दातच येते. मात्र मंडळीत त्याचा अर्थ आक्रसून 'पाळक (चर्चचा धर्मगुरू) होणे' एवढाच उरतो, ती मोठी चूक. १ करिंथकरांस ७:२० म्हणते, ज्या स्थितीत पाचारण झाले त्याच स्थितीत राहावे.

प्रत्यक्षात काय करायचे, ते लूक ३:१०–१४ मध्ये आहे. लोकांनी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला तीनदा विचारले, आम्ही काय करावे? दोन अंगरखे असतील त्याने एक नसलेल्याला द्यावा. जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये. शिपायांनी कुणाला धाक घालून पैसे उकळू नयेत, आपल्या पगारात समाधान मानावे. नाका सोडा, शिपाईगिरी सोडा, असे तो कुणालाच सांगत नाही.

तेव्हा तुमचे वाक्य असे लिहा : 'पापापासून देवाकडे वळा, जिथे आहात तिथेच त्याचे पाचारण ओळखा.' आणि लगेच खाली ऐकणाऱ्याच्या धंद्यातले एक ठोस उदाहरण द्या : वजनकाटा, पावती, मजुरी.